दिसले नाही

दसरूभाऊ नाकाडे यांनी माझं नाव विचारायच्या आधी माझं बोट मागितलं.

कोसमटोल्याच्या दवाखान्यात मी रुजू व्हायला गेले तो दिवस. कुरखेड्यापर्यंत बस, पुढे लाकडं भरायला रिकाम्या निघालेल्या ट्रकात ड्रायव्हरशेजारी, आणि शेवटचे दोन कोस बैलबंडीत. नागपूरहून निघताना कडक इस्त्रीचा असलेला माझा पांढरा पोशाख तोवर पार मातकट झाला होता. दवाखाना म्हणजे तीन कौलारू खोल्या. त्यातल्या एकीत खिडकीशी, स्टुलावर, एक उंच वाळका माणूस दुर्बिणीला डोळा लावून बसला होता. मायक्रोस्कोपला तिकडे सगळे दुर्बीणच म्हणत. मी दारात उभी राहून खाकरले. मान वर न करता त्यांनी डावा हात पुढे केला.

"बोट द्या."

"मी पेशंट नाही. नवी नर्स आहे."

"नर्सले बोट नसते का?"

मी चिडून बोट दिलं. त्यांनी सुई टोचली, थेंब काचेवर घेतला, दुसऱ्या काचेच्या कडेनं तो पसरला आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. उजवा डोळा सतत मिटून मिटून त्याच्याभोवती सुरकुत्यांचं जाळं झालेलं. चेहऱ्यावर हसू नाही, पण रागही नाही. "आज तुमी साफ असान," ते म्हणाले. "पंधरा दिवसांनी पायतो. पावणे आले का सांगतो."

पावणे म्हणजे हिवतापाचे जंतू. त्यांना ते दुसऱ्या नावानं कधी बोलावत नसत. सतराव्या दिवशी मला थंडी भरून आली, मी कांबळं शोधत होते, तर हे गृहस्थ माझी काच हातात धरून दारात उभे. "आले पावणे," म्हणाले, आणि हिवतापावरच्या कडू औषधाची, कोयनेलची, बाटली ठेवून गेले. मला त्या माणसाचा इतका संताप आला होता की तापापेक्षा त्यानंच मी फणफणले असेन.

दसरूभाऊंचं काम सरकारी होतं आणि साधं होतं. डोंगरातल्या गावांतून येणाऱ्या माणसांच्या बोटांतलं रक्त तपासायचं आणि रजिस्टरात लिहायचं. पण त्यांची पद्धत सरकारी नव्हती. टेबलावर दोन वाट्या असत. एका वाटीत शंभर चिंचोके. दुर्बिणीखाली एका नजरेत जेवढा गोल दिसतो त्याला ते खोली म्हणत. एक खोली बघून झाली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. पहिली वाटी रिकामी होईपर्यंत ते उठत नसत, मग दारात कलेक्टर येवो. गरोदर बाईची काच असली की शंभर खोल्या झाल्यावर ते वाट्यांची अदलाबदल करत आणि पुन्हा शंभर मोजत.

रोज सकाळी, पहिला रोगी यायच्या आधी, सदऱ्याच्या खिशातून ते एक चपटी पत्र्याची डबी काढत. तिच्यात कापसात गुंडाळलेली एकच काच होती. ती दुर्बिणीखाली ठेवत, शंभर चिंचोके सरकवत, पुसत आणि परत खिशात घालत. मला वाटे, दुर्बीण नीट लागली आहे का हे बघायला ठेवलेली नमुन्याची काच असेल. मी तसं विचारलंही. ते म्हणाले, "तसंच समजा."

मी आजारातून उठले तेव्हा अंगात त्राण नव्हतं, आणि समोरच्या बांधावरून डोक्यावर धानाचे भारे घेऊन बाया चालल्या होत्या. त्यातल्या दोघींच्या रक्तात माझ्यापेक्षा जास्त पावणे होते, हे मी स्वतः रजिस्टरात वाचलेलं. मला हे कोडं काही उलगडेना.

"यायनं लहानपणीच शंभरदा ताप काढला हाये," दसरूभाऊ भिंग पुसत म्हणाले. जुन्या धोतराचा मऊ तुकडा ते त्यासाठी ठेवत. "जे मरायचे ते तवाच मेले. जे वाचले त्यायच्या रक्तानं पावण्याची चाल ओळखली. आता तो येते, वसरीत बसते, दंगा नाई करत. तुमच्या नागपुरी रक्तानं त्याचं तोंडच पाह्यलं नव्हतं."

"म्हणजे यांना काहीच धोका नाही?"

त्यांनी भिंग उजेडाला धरलं. "पयल्या खेपेले हाये," म्हणाले, आणि उठून गेले.

त्या उत्तराचा अर्थ मला त्या हिवाळ्यात कळत गेला, आणि तो कळत गेला तसतशी मला त्या सुंदर गावाची भीती वाटायला लागली. चार-पाच लेकरांची आई झालेली बाई सकाळी बाळंत होई आणि तिसऱ्या दिवशी पाणी भरताना दिसे. पण पहिलटकरीण असली, की काहीतरी बिनसे. सतरा-अठरा वर्षांच्या धडधाकट पोरी, लहानपणचे सगळे ताप पचवून उभ्या राहिलेल्या, सहाव्या-सातव्या महिन्यात पांढऱ्या पडायला लागत. ताप नाही, थंडी नाही. बोटातलं रक्त साफ. आणि मग मूल मेलेलं तरी होई, नाहीतर मांजराच्या पिलाएवढं. कधी आईही जाई. गावाला हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की पहिल्या बाळासाठी त्या टोल्यात, म्हणजे त्या एवढ्याशा वस्तीत, कोणी पाळणा बांधत नसे, अंगडं शिवत नसे, त्याच्याविषयी बोलतही नसे. मी एकदा एका पहिलटकरणीसाठी टोपडं विणून नेलं, तर तिच्या सासूनं ते दोन बोटांत धरून मला परत दिलं.

गावची दायी मंगरीबाई. ठेंगणी, काळीभोर, दंडावर गोंदण, तोंडात तंबाखू. आजूबाजूच्या तीन टोल्यांतली सगळी बाळंतपणं तिच्या हातची. मला ती पोरसवदा समजून चालवून घेई. मी तिला टोपड्याचं सांगितलं तर म्हणाली, "पयल्याची आस आमी नाई ठेवत, बाई. आस ठेवली का जास्त दुखते."

बऱ्याच वर्षांनी नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात एका वृद्ध डॉक्टरीणबाईंनी मला यातलं शास्त्र समजावून सांगितलं. शरीराची राखण ओळखीवर चालते. लहानपणापासून ज्या जंतूशी गाठ पडली, त्याला रक्त ओळखतं आणि आवरून धरतं. पण बाई पहिल्यांदा गरोदर राहिली की तिच्या पोटात मुलाला पोसणारी वार तयार होते, आणि वार हा त्या शरीराला अगदी नवा अवयव. जंतूंतले काही नेमके तिथेच जाऊन चिकटतात, आणि अशा रूपात की रक्तानं ते पूर्वी पाहिलेलंच नसतं. शिवाय पोटातलं मूल निम्मं परक्याचं, त्याच्यावर आपलाच मार पडू नये म्हणून शरीर त्या दिवसांत जरा हात आवरून असतं. जंतू तिथे दडून बसतात म्हणून बोटात सापडत नाहीत. मग उशिरा कधीतरी शरीर जागं होतं, त्याच्या पांढऱ्या पेशी वारेत गर्दी करतात, आणि त्या गर्दीनंच मुलाच्या अन्नाची वाट अरुंद होते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपर्यंत रक्तानं हेही रूप ओळखलेलं असतं. डॉक्टरीणबाई हे कागदावर चित्रं काढून सांगत होत्या आणि मला समोर चिंचोक्यांच्या दोन वाट्या दिसत होत्या. दसरूभाऊंना यातला एकही शब्द ठाऊक नव्हता. ते एवढंच म्हणत, "बोट खोटं बोलते, बाई. घरात पहारा हाये, पण नवी खोली बांधली, तिची खबर पहारेकऱ्याले नाई."

यावरून त्यांचं साहेबांशी एकदा वाजलं. चांद्याहून जीपमधून साहेब तपासणीला आले होते. रजिस्टर चाळता चाळता थांबले. सगळ्या गरोदर बायांच्या नावापुढे, जिथे 'निगेटिव्ह' लिहायचं, तिथे दसरूभाऊंनी सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: दिसले नाही.

"हे काय? निगेटिव्ह लिहायचं असतं, ठाऊक नाही?"

"ठाऊक हाये, साहेब."

"मग?"

"निगेटिव्ह म्हणजे नाई. तिच्या अंगात नाई हे मी कसं सांगू? मले दिसलं नाई, एवढंच मी सांगू शकतो."

साहेब हसले. "नाकाडे, तुम्ही दुर्बीण बघायला आहात का कीर्तन करायला?" आणि लाल पेन्सिलीनं त्यांनी त्या सगळ्या ओळींवर काट मारली. जीप गेल्यावर दसरूभाऊंनी नवं पान घेतलं आणि त्याच सगळ्या नोंदी पुन्हा तशाच लिहून काढल्या. मला हसू आलं होतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून ते गिळलं.

बोट खोटं बोलतं तर खरं कोण बोलतं? वार. हे दसरूभाऊंच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मूल जन्मल्यावर वार पडते, तिच्या आतल्या बाजूचं एक थेंब रक्त काचेवर मिळालं की झालं. पण त्या मुलखात वार म्हणजे सहजासहजी कोणाच्या हाती लागणारी वस्तू नव्हे. ती दायीनंच उचलायची, अंगणात खड्डा खणून पुरायची, वर काटे आणि जड दगड ठेवायचा. त्याच दगडावर बसून बाळंतीण आंघोळ करते. वारेचा एवढासा तुकडा परक्याच्या हाती लागला तर तो बाळावर करणी करू शकतो, आईची कूस कायमची बांधू शकतो, ही समजूत. आणि हे गृहस्थ दारोदार जाऊन बाळंतिणीच्या घरी वारेचं रक्त मागत होते!

पहिल्यांदा लोकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा मंगरीबाईनं त्यांना अंगणातून हाकललं. "रक्त पायता पायता तुले रक्ताची चट लागली का गा?" तिसऱ्यांदा एका पहिलटकरणीचं मूल गेलं, आणि आदल्याच आठवड्यात दसरूभाऊ त्या घरी जाऊन आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेच्या उंबऱ्यावर शेंदूर फासलेला दगड आणि कोंबडीचं कापलेलं डोकं होतं. बायांनी आपली बोटं द्यायचं बंद केलं. ते रस्त्यानं निघाले की गरोदर पोरी पदर पोटावर ओढून आडोशाला होत. दसरूभाऊंनी तो दगड उचलून फणसाखाली नेऊन ठेवला, उंबरा धुतला आणि दुर्बिणीवरचं फडकं काढलं.

"भाऊ, सोडा ना हा नाद," मी म्हटलं. मला खरंच भीती वाटत होती. "एक दिवस जीव घेतील तुमचा."

तेव्हा त्यांनी मला कौसल्येचं सांगितलं. भिंग पुसत पुसत, माझ्याकडे न बघता.

कौसल्या त्यांची बायको. एकोणीस वर्षांची, सती नदीच्या काठच्या एका टोल्यातली, इथल्याच तापात वाढलेली. सातव्या महिन्यात ती पांढरी पडायला लागली. दसरूभाऊंनी स्वतः तिचं बोट टोचलं, स्वतः काच वाचली. साफ. "मी तिले म्हटलं, हा हिवताप नाई. पोटातलं लेकरू रक्त ओढते, म्हणून अशक्तपणा. कोयनेल घरातच होतं. कोयनेलनं गर्भ पडते, हे सारेच सांगत, डॉक्टरही सांगत. तिनं एक दिवस मागतलं, मले एक घोट देऊन पाहा म्हणे. मी बाटली पेटीत कुलूप लावून ठेवली. लेकरासाठी."

मूल मेलेलं झालं. तिसऱ्या दिवशी कौसल्या गेली. "तिथची दायी वार घेऊन बाहेर आली. मले म्हणाली, पाहून घे गा, कशी राखेत लोळवल्यावानी हाये. मी तोंड फिरवलं. माझ्यानं पाहवलं नाई." भिंग केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी ते पुसतच होते. "तवापासून मले माहीत नाई, बाई, तिले काय झालं होतं. मले फक्त तिचं बोट माहीत हाये."

पुढच्या पावसाळ्यानंतर, धान पोटरीला आलं त्या दिवसांत, मंगरीबाईची सून फुलवंता माझ्याकडे आली. म्हणजे मंगरीबाईच तिला घेऊन आली, आणि मंगरीबाई दवाखान्याची पायरी चढली हीच मोठी गोष्ट. फुलवंताचा सातवा महिना, पहिली खेप. नाकात नथनी, हसरी, तोंडानं भारी चुरूचुरू. मी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढली. आत लाल नावाला नव्हतं. टीपकागदावर तिच्या रक्ताचा थेंब घेऊन रंगाच्या पट्टीशी जुळवला, तर निम्म्याच्याही खाली. पावलं सुजलेली. ताप नाही.

दसरूभाऊंनी काच वाचली. दोनशे खोल्या. मग वाट्यांची अदलाबदल केली आणि आणखी शंभर. रजिस्टरात लिहिलं, दिसले नाही. लिहून झाल्यावर पेन तसंच हातात धरून ते बसून राहिले.

त्या वर्षी आमच्याकडे कोयनेलऐवजी नव्या पांढऱ्या गोळ्या आल्या होत्या. त्यांनी गर्भ पडत नाही असं कोणी म्हणे, पण आमच्याकडे लेखी हुकूम नव्हता. आणि ज्याची काच साफ त्याला गोळी द्यायची नाही, हा हुकूम मात्र लेखी होता. दसरूभाऊ दुपारी मंगरीबाईच्या अंगणात गेले. मी बरोबर गेले, कारण त्यांना एकटं सोडायला माझं मन धजेना. मंगरीबाई सुपात धान पाखडत होती. फुलवंता भिंतीला टेकून बसली होती.

"गोळ्या देतो," ते म्हणाले. "तीन दिवसांच्या. तिच्या पोटात पावणे हायेत."

"काच का म्हणते?"

"काच म्हणते, नाई."

"मंग तू कायले म्हणतं, हाये?" सूप थांबलं. "कडू औषधानं लेकरू पडते. हे मी तुह्या जन्माआधीपासून पाह्यलं हाये. पडलं तर?"

"पडलं तर मले गावातून काढा."

"तुले काढून मले का भेटन गा? माह्या घरचं जाईन. तुहं का जाते?"

दसरूभाऊ म्हणाले, "माहं गेलं हाये, बाई. बायको आन् लेकरू. मी औषध नाई देल्लं म्हणून गेलं, का दुसऱ्या कशानं गेलं, हे मले आजवर ठाऊक नाई. तुह्या सुनेच्या वारेत ते दिसन."

मंगरीबाईनं सूप खाली ठेवलं. तिचा आवाज एकदम म्हातारा झाला. "काळी वार मीच पुरते," ती म्हणाली. "पयल्या खेपेची. दरवेळी मीच. वर दगड ठेवते आन् कोणाले सांगत नाई. सांगून का करू?" तिनं तळहात पुढे केला. "दे. माह्या हातानं देईन. पाप झालं तर माह्यावर राहू दे."

तिनं गोळी फुलवंताच्या जिभेवर ठेवली, मागून मोहाच्या फुलांचं गोड पाणी दिलं. तिला सांगितलं, "गीळ माय."

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलवंताच्या पोटात कळा सुरू झाल्या.

तो दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. मी तिच्या पोटावर हात ठेवून बसले होते आणि पोट दगडासारखं घट्ट होत होतं, सैल होत होतं, पुन्हा घट्ट. अंगणाबाहेर माणसं जमायला लागली. कोणी ओरडत नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. कुऱ्हाडी त्या मुलखात प्रत्येकाच्याच खांद्यावर असतात, पण त्या दिवशी मला त्या नव्यानं दिसल्या. मंगरीबाई दारात आडवी बसली. "माह्या हातानं देल्ली," एवढंच ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. मी मध्ये एकदा औषध आणायला दवाखान्यात पळाले. दसरूभाऊ प्रयोगशाळेची दोन्ही दारं सताड उघडी ठेवून स्टुलावर बसले होते. दुर्बिणीवर फडकं. चिंचोके वाटीत. पळून जायला दिवसभराचा वेळ होता, पण ते नुसते बसून होते. "कळा कशा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तशाच."

उन्हं कलली तशा कळा विरळ झाल्या. मग थांबल्या. फुलवंतानं खायला मागितलं. जमलेली माणसं जशी न बोलता आली तशी न बोलता गेली. उरलेल्या दोन्ही दिवसांच्या गोळ्या मंगरीबाईनं चुकवल्या नाहीत.

फुलवंता दिवस भरता भरता बाळंत झाली. भर दुपार. मुलगी झाली, दोन ओंजळींत मावेल एवढी, पण झाल्या झाल्या जी रडली ती शेजारच्या टोल्यात ऐकू जावी. मी मंगरीबाईच्या गळ्यात पडून रडले, आणि तिनं मला तसं रडू दिलं. मग वार पडली. मंगरीबाईनं ती पळसाच्या पानांवर उलटी घेतली आणि माझ्यासमोर धरली. लालभडक असायला हवी ती राखट काळपट होती.

पुरुषाला आत येणं नव्हतं. दसरूभाऊ कुडाच्या पलीकडे उभे होते. मंगरीबाईनं कुडाच्या फटीतून हात काढला, "दे काच," म्हणाली. वारेच्या आतला भाग विळीच्या टोकानं चिरला, काच त्यावर टेकवली, परत दिली. देता देता काचेचा कोपरा तिनं पदरानं पुसला, आणि एक कणही बाहेर राहिला नाही ना, हे बघून बाकीची वार पुरायला नेली.

काच वाळवायची, जांभळ्या रंगात बुडवायची, धुवायची. दसरूभाऊंनी सगळं नेहमीच्याच संथपणे केलं. मग डोळा लावला. पहिला चिंचोका उचलला. तो त्यांच्या चिमटीतच राहिला. शेवटी ते बाजूला सरकले आणि मला म्हणाले, "तुमी पाहा."

मी पाहिलं. खोली सरकवली, पुन्हा पाहिलं. प्रत्येक खोलीत तपकीर उडवल्यासारखे काळपट तांबूस कण, ढीगच्या ढीग. जिवंत पावणा एखादाच. गोळ्यांनी बाकीचे मेले होते आणि आपली राख मागे ठेवून गेले होते. गोळ्या देऊन नवव्या महिन्यात हे असं, मग त्या नसत्या दिल्या तर काय असतं?

मी आनंदानं ओरडलेच. "भाऊ! तुमचं खरं निघालं! सगळं खरं निघालं!" वाटलं, आता तरी हा माणूस हसेल.

दसरूभाऊ स्टुलावरून उतरून भुईवर बसले. पाठ भिंतीला, हात गुडघ्यांवर. "मले वाटे, मी खोटा निघीन," ते म्हणाले. "इतकी वर्सं वारेच्या मागं लागलो ते यासाठी, बाई. एकदा वार लाल दिसली असती, तर कौसल्या दुसऱ्या कशानं गेली असं म्हणून झोपलो असतो."

माझ्या त्या ओरडण्याची लाज मला आजही वाटते.

पुढे मात्र बोटं यायला लागली. पहिलटकरणींना मंगरीबाई स्वतः हाताला धरून आणी आणि आल्या आल्या सांगे, "हिचं बोट नका पाहू, गोळी द्या." दसरूभाऊ बोटही पाहत आणि गोळीही देत, आणि रजिस्टरात खरं तेच लिहीत. ते खरं लिहिणंच त्यांना भोवलं. साफ काच असताना गरोदर बाईला गोळ्या दिल्या, हे साहेबांनी त्यांच्याच अक्षरात वाचलं. उन्हाळ्याच्या तोंडाला बदलीचा हुकूम आला, सिरोंच्याच्या बाजूला, कारकुनीच्या कामावर. दुर्बीण नाही.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला दोन्ही वाट्या दिल्या, भिंग पुसायचं फडकं दिलं आणि रजिस्टर दिलं. मंगरीबाई नातीला कडेवर घेऊन आली होती. मुलगी चांगली बाळसेदार झाली होती. मंगरीबाईनं तिला त्यांच्यापुढे धरलं, तिचं बोट मोकळं केलं आणि म्हणाली, "पायतं का गा?" त्यांनी मान हलवली. "कारकुनाले नाई पाहता येत," म्हणाले. उन्हाळ्यात वाट कोरडी झाल्यानं थेट गावापर्यंत आलेला, लाकडांनी भरलेला ट्रक सुटायच्या बेतात होता. ते चढायला गेले.

मी आत येऊन रजिस्टर उघडलं. नव्या नोंदी मलाच करायच्या होत्या. शेवटी वारेच्या नोंदींसाठी वेगळं पान होतं, आणि त्यावर फुलवंताची ओळ होती. बोट: दिसले नाही. वार: दिसले. तिच्या खाली, त्याच शाईत, त्याच सुवाच्य अक्षरात, आणखी एक ओळ होती. कौसल्या दसरू नाकाडे. वय एकोणीस. खेप पहिली. बोट: दिसले नाही. वार: पाहिली नाही.

मी रजिस्टर घेऊन तशीच बाहेर धावले. त्यांना काय सांगायचं होतं ते मलाही ठाऊक नव्हतं. ट्रक निघाला होता. लाकडांवर, ट्रंकेला टेकून, दसरूभाऊ बसले होते. मांडीवर ती पत्र्याची डबी उघडी होती. एक डोळा मिटून त्यांनी काच उन्हाकडे धरली होती, आणि ती कोणाची हे आता मला कळलं होतं. नुसत्या डोळ्यांना तिच्यात काहीच दिसणार नव्हतं. ट्रक सती नदीच्या उतारावर वळून झाडीत जाईपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.